गवताचा हिशोब: इंदापूरच्या एका माळरानावरच्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२४

काम आजपासून सुरू. जागा इंदापूर तालुक्यातलं माळरान. निम्मं-अधिक वनखात्याच्या ताब्यात, उरलेलं गावचं गायरान. सध्या त्याच्यावर दोन प्रस्ताव आहेत. वनखात्याच्या भागात सलग समतल चर खोदून झाडं लावायची, आणि गायरानाचा एक तुकडा सौर प्रकल्पाला द्यायचा. दोन्ही कागदांत 'सध्याचा वापर' या रकान्यात 'पडीक' एवढंच लिहिलंय. सरपंचांनी आम्हाला बोलावलं ते त्यासाठीच. म्हणाले, "हेक्टरी एक आकडा काढून द्या, म्हणजे तहसीलला जाऊन बोलता येईल."

गावाचं नाव या नोंदींत कुठेही येणार नाही. माळावर लांडग्यांची बिळं आहेत. पिल्लांच्या दिवसांत जागेचा पत्ता फुटला की कॅमेरेवाल्यांच्या गाड्या थेट बिळापर्यंत जातात.

कामाचा क्रम आधीच ठरवला. पहिल्यांदा माळ काय देतो ते किलो, टन आणि मिलिमीटरमध्ये मोजायचं, रुपये त्यानंतर. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२१ मध्ये परिसंस्थांच्या लेखांकनाची जी चौकट स्वीकारली, तिचाही क्रम हाच आहे: क्षेत्र किती, अवस्था कशी, सेवा किती, आणि शेवटी पैसा. पैशापासून सुरुवात केली की ज्याला बाजारभाव आहे तेवढंच मोजलं जातं. मुरलेलं पाणी आणि धरून ठेवलेली माती हिशोबाबाहेर राहते.

१९ जून

तलाठी कार्यालयातून उतारे आणले. गायरानाच्या उताऱ्यावर आकार, म्हणजे सारा, नाही. माळाला लागून असलेल्या खासगी सातबाऱ्यांवर खडकाळ पट्ट्या पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला अयोग्य भागात, गेल्यात, आणि पोटखराब्यावर आकारणी होत नाही. म्हणजे सरकारी दप्तरात या जमिनीची किंमत काढलेली आहे, आणि ती शून्य आहे.

हे शून्य कुठून आलं त्याचा माग काढला तर तो याच तालुक्यात लागतो. १८३६ साली मुंबई इलाख्यातली नवी जमीन पाहणी इंदापुरात सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे ते दोन अधिकारी. त्यांच्याआधी पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पाहणी केली होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यायचा, अशी त्याची पद्धत. विलायतेतल्या खंडाच्या अर्थशास्त्रावर बेतलेली, कागदावर अगदी काटेकोर. प्रत्यक्षात सारा झेपेना, रयत जमिनी टाकून निघून गेली. इंदापुरात मग दर उतरवले, मातीची खोली आणि रंग पाहून सोळा आण्यांपासून खाली प्रत लावली, आणि तो सारा ३० वर्षांसाठी कायम केला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच रीत इलाखाभर नेली.

त्या पाहणीला दोष द्यावा असं मला वाटत नाही. तिला सारा ठरवायचा होता आणि सारा नांगराखालच्या जमिनीवर बसतो. मुरमाड माळावर नांगर चालत नाही म्हणून तो बाजूला राहिला. चुकतं ते आपलं. नांगरासाठी केलेलं मोजमाप आपण अजून जमिनीचं एकमेव मोजमाप म्हणून वापरतोय. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात देशाची ५.५८ कोटी हेक्टर, म्हणजे जवळपास १७ टक्के जमीन पडीक दाखवली आहे. झुडपी माळ आणि खालावलेली कुरणं त्यातच धरलीत.

प्रिंगलची गोष्ट मात्र आमच्यासाठी भिंतीवर लावण्यासारखी आहे. निव्वळ मूल्याचा आकडा दशांशापर्यंत नेमका दिसला म्हणून तो खरा ठरत नाही, आणि अशा आकड्याचा भुर्दंड आकडा काढणाऱ्याला पडत नाही.

३ जुलै

वनजमिनीची अधिकृत किंमत पाहायला घेतली. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची असेल तर तिचं 'निव्वळ वर्तमान मूल्य', म्हणजे तिच्याकडून पुढे मिळणाऱ्या लाभांची आजची किंमत, भरावी लागते. वनसंरक्षणावरच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ही आकारणी सुरू करायला लावली. पुढे अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीने पद्धत सुचवली, आणि २८ मार्च २००८ च्या आदेशाने दर ठरले: हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाखांपर्यंत. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने ते १.५३ पट केले. अभयारण्याला पाचपट, राष्ट्रीय उद्यानाला दहापट.

दर दोन गोष्टींवर ठरतो: जंगलाचा प्रकार आणि झाडांच्या छत्राची घनता. आमचा भाग चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या वर्गीकरणात दक्षिणेकडच्या काटेरी वनात बसतो, म्हणजे दरांच्या चौथ्या गटात. या गटात अतिदाट वनाला २००८ च्या दराने ६.२६ लाख, विरळाला ४.३८ लाख. सगळ्या तक्त्यात सर्वात खालचा आकडा हाच. २०२२ च्या दराने तो ६.७० लाख होतो.

अंदाज यावा म्हणून शेजारच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य धरलं. क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर, १९९७ साली घोषित, राज्यातल्या सगळ्यात लहान अभयारण्यांपैकी एक. ५१४ हेक्टर गुणिले ६.७० लाख, म्हणजे साधारण ३४ कोटी. अभयारण्य म्हणून पाचपट, १७२ कोटी. म्हणजे घोषणेच्या एका कागदाने किंमत पाचपट होते. तेच गवत, तेच चिंकारे कुंपणापलीकडे पाचव्या हिश्शाला.

पण खरी अडचण गुणाकारात नाही. भारतीय वन सर्वेक्षण छत्र १० टक्क्यांहून कमी असेल तर त्याला वनाच्छादनात धरतच नाही. गवताला छत्र नसतं. चांगलं, निरोगी, पवन्या-मारवेल या गवतांनी भरलेलं कुरण या पट्टीवर 'खालावलेलं जंगल' ठरतं. आणि भरलेले पैसे कॅम्पाच्या, म्हणजे भरपाई वनीकरणाच्या, निधीत जातात आणि त्या निधीतून भरपाईची झाडं लावली जातात. ती लावायला मोकळी जागा हवी, आणि मोकळी म्हणजे बहुतेक वेळा माळ. कुठेतरी खाणीसाठी जंगल तुटतं, त्याच्या भरपाईपोटी इथलं गवत उखडलं जातं, आणि वहीत दुसऱ्या नोंदीसमोर जमा लिहिलं जातं. दोन परिसंस्था गेल्या, हिशोब जुळला. आमच्या प्रकल्पाला या एका नोंदीचं उत्तर द्यायचंय.

२२ जुलै

एका सहकाऱ्याने सुचवलं की जगात कुरणांचं मूल्य आधीच काढलेलं आहे, ते घ्यावं आणि आपल्या क्षेत्रफळाने गुणावं. दोन आठवड्यांत अहवाल तयार होईल. त्यावर आज बसलो.

रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा प्रसिद्ध अंदाज: जगातल्या सगळ्या परिसंस्थांच्या सेवा वर्षाला ३३ लाख कोटी डॉलर, त्या वेळच्या जागतिक उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट. त्यात कुरणांना हेक्टरी २३२ डॉलर होते. २०१४ मध्ये त्याच मंडळींनी नव्या अभ्यासांवरून आकडे सुधारले, एकूण १२५ लाख कोटींवर गेलं. २००७ च्या डॉलरमध्ये दोन्ही मांडले तर कुरणाचा आकडा ३२१ वरून ४,१६६ झाला. तेरापट. या १७ वर्षांत कुरणं तेरापट उदार झालेली नाहीत. मधल्या काळात कुणीतरी कुठेतरी आणखी अभ्यास केले, आणि ते बहुतेक इंदापूरसारख्या ठिकाणचे नव्हेत. ४५०-५०० मिलिमीटर पावसाच्या, मुरमावरच्या, मेंढरं चरणाऱ्या माळाला यातला कोणता आकडा लावायचा? दोन्ही लावता येतात, म्हणून एकही लावणार नाही.

ते काम कमी लेखायचं नाही. १९९७ च्या त्या आकड्याने जगभरच्या अर्थखात्यांना प्रश्न पडला हे खरं आहे. पण सरपंचांच्या टेबलावर तो नेऊन ठेवला आणि समोरच्याने "कुठल्या गवताचा?" विचारलं तर आमच्याकडे उत्तर हवं.

ठरलं: उसना आकडा घ्यायचा नाही. जे इथे मोजता येतं ते मोजायचं, बाकीचं शब्दांत लिहायचं.

११ ऑगस्ट

चांगला पाऊस. माळ हिरवागार झालाय. मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळपासकट कुटुंबांचे मुक्काम, पावसाळ्याभर इथेच असतात, म्हणून मुलाखती आत्ताच उरकायच्या.

ठरलेल्या पद्धतीने प्रश्नावली घेऊन एका वाड्यावर गेलो. बाजारात ज्याचा भाव नाही त्याची किंमत लोकांनाच विचारायची, ही पद्धत. १९८९ च्या अलास्कातल्या तेलगळतीनंतर अमेरिकेत तिच्यावर मोठा वाद झाला. केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञांच्या समितीने १९९३ मध्ये तिचे नियम घालून दिले. त्यातला एक असा की लोकांना 'किती भरपाई घ्याल' विचारू नका, 'किती द्याल' विचारा, म्हणजे उत्तर फुगत नाही.

तसं विचारलं. "आबा, हा माळ आहे तसा राहावा म्हणून वर्षाला किती पैसे द्याल?"

आबा जरा वेळ बघत राहिले. "मी कशापायी देऊ? बाप हितंच चारायचा, आजा हितंच. पावती फाडली असंल तर चराईची."

मग उलटा विचारला, नियमाबाहेर जाऊन. माळ बंद झाला तर किती घ्याल?

"मेंढरं इकून मी फुडं काय करू, त्येचा आकडा सांगा आदी. मग माझा सांगतो."

चुलीपाशी बसलेल्या आक्का म्हणाल्या, "पोरगं एमआयडीसीत जाईल बी. ह्यास्नी कोण घेणार?"

हे लिहून घेतलं, आकड्याच्या रकान्यात काही भरलं नाही. पद्धतीच्या पुस्तकात अशा उत्तराला 'निषेधात्मक शून्य' म्हणतात आणि ते नमुन्यातून वगळायला सांगतात. आम्ही वगळणार नाही. 'किती द्याल' या प्रश्नात आधीच धरलंय की माळ दुसऱ्याचा आहे आणि विचारला गेलेला माणूस गिऱ्हाईक. आबांनी तेच नाकारलं. ज्याच्या हातात रोख कमी, त्याची 'देण्याची तयारी' कमी निघणारच. त्या हिशोबाने पुण्याहून येणाऱ्या छायाचित्रकाराला हा माळ मेंढपाळापेक्षा जास्त मोलाचा ठरेल. ही पद्धत चाऱ्यासाठी वापरायची नाही. विषय बंद.

३० ऑगस्ट

मातीचे खड्डे.

सेंद्रिय कर्ब मोजायचा म्हणजे प्रयोगशाळेत नमुना देऊन टक्केवारी आणायची, एवढ्यावर भागत नाही. हेक्टरी किती टन, हे काढायला मातीची घनता लागते. काळ्या रानात लोखंडी नळी ठोकली की काम होतं, इथे नळी चार बोटांवर मुरमाला अडकते आणि वाकते. म्हणून चौकोनी खड्डा हाताने खोदायचा, निघालेली माती-खडी एकही खडा न सांडता गोणीत भरायची, खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरायचं आणि मापाने पाणी ओतायचं. काठोकाठ भरायला जितके लिटर लागलं तितका खड्ड्याचा आकार. मग माती वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची, वरची खडी वेगळी तोलायची.

खडी वजा करणं का गरजेचं, ते आकड्यांत. समजा मातीचा थर १५ सेंटिमीटर, घनता १.५, सेंद्रिय कर्ब ०.८ टक्के. हेक्टरी २,२५० टन माल, त्यात १८ टन कर्ब. पण मालातली ४० टक्के खडी असेल तर बारीक माती १,३५० टन आणि कर्ब १०.८ टन. खडी विसरली तर आकडा दोन तृतीयांशाने फुगतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये बोलायचं तर ३.६७ ने गुणून सुमारे ४० टन, ६६ नव्हे.

आता याचे पैसे. अमेरिकी सरकारने २०२१ मध्ये एका टन कार्बन डायऑक्साइडची सामाजिक किंमत, म्हणजे त्याने समाजाचं होणारं नुकसान, ५१ डॉलर धरली. त्यांच्याच पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये १९० डॉलर केली. तेच ४० टन एका दराने २,०४० डॉलर, दुसऱ्याने ७,६००. हा साठा आहे, दरवर्षीचं उत्पन्न नव्हे, हे तक्त्यात ठळक लिहायचं. साठ्याला वार्षिक सेवेत मिळवून मोठी बेरीज दाखवण्याचा मोह अनेक अहवालांत दिसतो.

खड्ड्याच्या भिंतीत एक गोष्ट डोळ्यांनी दिसली. पवन्याची मुळं मातीचा थर संपल्यावर थांबत नाहीत. मुरमाच्या फटींत शिरून, केसांसारखी बारीक होत खाली जातात, आणि जिथे मूळ गेलंय तिथे मुरमाचा रंग गडद आहे, बोटाने दाबला तर ओलसर. एका खड्ड्यापासून हातभर अंतरावर जुन्या चराचा काठ होता. तिथे खोदताना निघालेला मुरूम वर टाकलेला, त्याखाली गवताचे ठोंब गाडले गेलेत आणि वर नुसता टाकळा उगवलाय. चर साधारण ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल. १५ सेंटिमीटर माती असलेल्या जागी ३० खोल चर म्हणजे खालचा मुरूम वर आणि वरची माती खाली. झाडाच्या खड्ड्यासाठी हेच करतात. गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावलेल्या भागात पुढच्या आठवड्यात खड्डे घ्यायचे.

२८ सप्टेंबर

गवत फुलोऱ्यावर. कापणीचे नमुने. एक मीटरची चौकट टाकायची, आतलं गवत बुडाशी कापायचं, जात वेगळी करून तोलायचं. कुसळीने सगळ्यांचे मोजे भरले.

चाऱ्याची किंमत काढायची सरळ रीत अशी की माळाने दिलेल्या चाऱ्याऐवजी मेंढपाळाला काय विकत घ्यावं लागेल, ते पाहायचं. इथे पर्याय तीन: ज्वारीचा कडबा, उसाचं वाढं, मका. कडब्याचा भाव शेकड्यावर सांगतात आणि पेंढी दर गावात निराळी, म्हणून आम्ही पेंढ्या स्वतः तोलून किलोचा भाव काढतोय. वाढं स्वस्त, पण कारखाने चालू असतील तेव्हाच. पावसाळ्यात, म्हणजे माळ चरला जातो त्याच महिन्यांत, वाढं नसतंच. वर्षाची सरासरी किंमत घेतली तर ही गोष्ट लपते.

आणखी लपतो तो दुष्काळ. २०१९ च्या उन्हाळ्यात चारा छावण्यांसाठी सरकार मोठ्या जनावराला दिवसाला १०० आणि लहानाला ५० रुपये देत होतं. दुष्काळात चाऱ्याला समाज प्रत्यक्षात काय मोजतो याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा मिळणार नाही. कमी पावसाच्या वर्षीही माळावर काहीतरी उगवतं, ज्वारी उगवत नाही. म्हणून चाऱ्याच्या ओळीत दोन आकडे देणार: बऱ्या वर्षाचा आणि दुष्काळी वर्षाचा. सरासरी देणार नाही.

कापलेलं सगळं गवत चारा म्हणूनही धरायचं नाही. निम्मं तरी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी बी नाही आणि उघडी माती वाहून जाते. ती वाहून जाणं आम्ही वेगळ्या ओळीत मोजतोय. दोन्हीकडे पूर्ण श्रेय घेता येणार नाही.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली, वाडे हलू लागले. काही घाटाखाली कोकणात उतरतील, काही ऊसपट्ट्यात फिरतील. एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती, तिथे गेलो. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून कळप रात्रभर रानात ठेवायचा, सकाळी वाघर सरकवायची. शेतकरी रात्रीच्या हिशोबाने रोख देतो, कुठे धान्यही. हा बाजारभाव आहे, विचारून मिळणारा, आणि दोघांनाही मान्य.

तरी तो चाऱ्यात मिळवायचा नाही. इथे आम्ही दुपारभर वाद घातला. मेंढीने माळावर खाल्लेलं गवत हेच लेंडी होऊन रानात पडतं. चारा विकत घ्यावा लागला असता तर त्याच्या किमतीतच दूध, मांस, लोकर, लेंडी सगळं आलं. चारा मोजला, मग लेंडी, मग कोकरं, असं करत गेलो तर एकाच गवताची चार वेळा वसुली होईल. म्हणून मूल्याच्या बेरजेत चारा एकटा. पण 'कुणाला मिळतं' या तक्त्यात लेंडीची स्वतंत्र ओळ राहील. माळाचा लाभ तालुक्याबाहेरच्या बागायतदारापर्यंत पोचतो, हे दुसऱ्या कशानेही दिसत नाही.

एक पडताळा: लेंडीतल्या नत्राची किंमत युरियाच्या भावाने काढली तर फारच कमी येते. ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांना, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे किलोला साधारण १३ रुपये. पण हा भाव अनुदानाने धरून ठेवलेला आहे, खरा खर्च त्याच्या कितीतरी पट. शिवाय शेतकरी मेंढरं बसवतो ते नत्रासाठी नव्हे, रान 'उठतं' म्हणून. त्याने प्रत्यक्ष मोजलेले पैसे हाच विश्वासाचा आकडा.

२४ नोव्हेंबर

लांडगा. तो फक्त लाभाच्या बाजूला लिहिणं अप्रामाणिक ठरेल. कोकरं जातात. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण पंचनाम्याला शव लागतं आणि लांडगा कोकरू उचलून नेतो. पंचनाम्याचा माणूस येईपर्यंत वाडा पुढच्या गावाला गेलेला असतो. त्यामुळे सरकारी आकड्यावरून नुकसान काढलं तर ते कमी दिसेल. वाड्यांवर विचारून काढलेला आकडा उणे चिन्हासह तक्त्यात जाईल.

पर्यटन थोडक्यात. पुणे वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. येणाऱ्यांचा प्रवासखर्च आणि वेळ यावरून मूल्य काढता येतं, ही कल्पना अर्थतज्ज्ञ हॉटेलिंगने १९४७ मध्ये अमेरिकेच्या उद्यान विभागाला कळवली होती. आमच्या माळावर सफारी नाही आणि गावाला ती नको आहे. ओळ रिकामी सोडली, 'लागू नाही' असं लिहून.

१५ डिसेंबर

सवलतीचा दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना वर्षाला जितके टक्के कापतात तो. सगळ्या तक्त्यात सर्वात जास्त ताकद याच एका आकड्याची. आजपासून ५० वर्षांनी मिळणारे १०० रुपये आज ४ टक्क्यांनी १४ रुपये होतात, ८ टक्क्यांनी २ रुपये, १२ टक्क्यांनी ३५ पैसे. माळ दरवर्षी थोडंथोडं देतो आणि देतच राहतो. वरचा दर लावला की त्याचं हे देत राहणंच पुसलं जातं. वृक्षारोपण किंवा प्रकल्पाची कमाई पहिल्या काही वर्षांत दिसते, म्हणून वरच्या दराला ती गोड वाटते.

आणि सौर प्रकल्पाशी तुलना सरळ करून पाहिली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी पडीक जमिनीला हेक्टरी वर्षाला १.२५ लाख भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ. आमची चाऱ्याची ओळ याच्या जवळपासही जात नाही, दुष्काळी वर्षातही नाही. हे लपवायचं नाही. रुपयाला रुपया लावला तर गवत हरतं.

पण गायरान नाममात्र भाड्याने जातं. शेजारच्या पोटखराब्याला भाडं मिळेल ते मालकाला. गायरानावर चारणाऱ्याला काय मिळेल, याची ओळ कुठल्याच कागदात नाही. मूल्य कमी की जास्त, या वादाआधी ते कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातंय हे मांडायला हवं. मला आता वाटतं की आमच्या कामाचा गाभा हाच आहे, आणि बेरीज त्यानंतर. सौर पंपाची वीज शेतकऱ्याला दिवसा मिळावी याला माझा विरोध नाही, मीही शेतकऱ्याच्याच घरातली आहे. पण पॅनेलला छप्पर चालतं, कालव्याकाठ चालतो, खराब झालेली क्षारपड रानं चालतात. पवन्याला हा मुरूमच लागतो.

१८ जानेवारी २०२५

मसुदा एका वरिष्ठ अधिकाऱ्यांना दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला, हे आवर्जून नोंदवते. म्हणाले, सगळं बरोबर आहे, पण मला खाली एक बेरीज द्या, नाहीतर फाईल पुढे सरकणार नाही.

यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा. एका बाजूने त्यांचं खरं आहे. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ मध्ये सहा व्याघ्र प्रकल्पांचं मूल्यमापन केलं. कान्हाला वर्षाला १,६५० कोटी, कॉर्बेटला १,४७० कोटी असे आकडे आले, आणि ते आकडे आले म्हणूनच ती चर्चा वर्तमानपत्रांपर्यंत पोचली. वाघाच्या जंगलाला बेरीज मदत करते, कारण ती मोठी येते. आमची छोटी येईल. छोटी बेरीज एकदा फाईलवर चढली की उद्या कुणीही तेवढी रक्कम भरून माळ घेईल, आणि 'मूल्य दिलं' म्हणेल. निव्वळ वर्तमान मूल्याचं नेमकं हेच झालंय. वनजमीन वळवताना विचार करायला लावावं म्हणून ते आणलं, आज ते प्रवेश-फीसारखं भरलं जातं.

ठरलं ते असं. बेरीज द्यायची नाही. त्याऐवजी पहिल्याच पानावर तक्ता: सेवा, मोजमाप, रुपयांचा पल्ला, कुणाला मिळते, आणि माळ गेला तर ती परत मिळायला काय लागेल. शेवटचा रकाना आमच्या मते सर्वात महत्त्वाचा. कडबा विकत मिळतो. मुरमात मुरलेलं मूळ विकत मिळत नाही.

२७ जानेवारी

काल ग्रामसभेत तक्ता वाचला. गोंधळ बराच झाला. एकाने विचारलं की झाडं लावायला विरोध म्हणजे काय, २०१९ ला ३३ कोटी झाडं लावताना आम्हीच शाळेच्या पोरांना घेऊन गेलो होतो. त्यांना चराच्या काठचे फोटो आणि शेजारच्या खड्ड्याचे फोटो दाखवले. ओढ्याकाठी, बांधावर, शाळेभोवती झाडं लावायला गाव तयार आहे, माळावर नको, असा सूर निघाला. सगळ्यांचा नव्हे. सौर प्रकल्पावर मत फुटलेलं आहे, ठराव पुढे ढकलला.

एक गोष्ट मात्र मंजूर झाली. गायरानाच्या प्रस्तावात 'सध्याचा वापर' या रकान्यातला 'पडीक' काढून 'चराई, पावसाळी, मेंढपाळ व गावची जनावरे' असं लिहून तहसीलला पाठवायचं. चारणाऱ्या वाड्यांची यादी सोबत जोडायची. त्यातले निम्मे वाडे आत्ता कोकणात आहेत, म्हणून यादीला जूनपर्यंत मुदत मागितली आहे.

पुढची कामं: गिरिपुष्पाखालच्या खड्ड्यांचे कर्बाचे निकाल यायचेत. उन्हाळ्यात पाणी मुरण्याच्या चाचण्या, चराच्या भागात आणि गवतात, दोन्हीकडे. दुष्काळी वर्षाच्या कडब्याच्या भावासाठी बाजार समितीकडे जुन्या नोंदींचा अर्ज केला आहे. वनखात्याला तक्त्याची प्रत सोमवारी.